अशक्तपणाचा ठावठिकाणा

२०२१ च्या एप्रिलमध्ये देशभर ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी धावाधाव चालली होती, तेव्हा नंदुरबारचे नाव अनेकांनी पहिल्यांदाच कौतुकाने घेतले. एरवी कुपोषण, स्थलांतर आणि मानव विकास निर्देशांकातला तळचा क्रमांक एवढ्यासाठीच बातम्यांत येणारा हा जिल्हा. वैद्यकीचे शिक्षण घेतलेले तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी आदल्या वर्षीच हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारा प्रकल्प इथे उभा केला होता आणि दुसरी लाट येण्याच्या सुमारास त्यात भर घातली होती. मोठमोठी शहरे टँकरची वाट पाहत असताना नंदुरबारच्या रुग्णालयांत प्राणवायू होता. दूरदृष्टीची ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी अशीच आहे.

पण त्या महिन्यांनी आपल्या मनात एक समजूतही पक्की केली. बोटाला लावलेल्या चिमट्यावर आकडा ९५ च्या वर दिसला की माणूस सुखरूप. ऑक्सिजन रक्तात उतरला की काम झाले. तातडीच्या प्रसंगी ही समजूत पुरते. रोजच्या जगण्यात ती पुरत नाही, आणि सातपुड्यातल्या माणसांच्या बाबतीत तर ती अन्यायाची ठरते, असे माझे ठाम मत आहे. रक्तात उतरलेल्या ऑक्सिजनचा अर्धाच प्रवास झालेला असतो. धडगावचा चढ डोक्यावर मोळी घेऊन चढणाऱ्या बाईच्या मांडीच्या स्नायूत तो कामी येतो की नाही, हा खरा प्रश्न. त्या प्रश्नाचा माग काढत गेले की आपण एका पिवळ्या-नारिंगी, मेणचट, पाण्यात न विरघळणाऱ्या रेणूपाशी पोहोचतो. त्याचे नाव युबिक्विनोन. औषधांच्या दुकानात तोच ‘कोएन्झाइम क्यू-टेन’ म्हणून मिळतो.

भाकरीतून, डाळीतून, तेलातून पेशीला शेवटी काय हवे असते? इलेक्ट्रॉन. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियांत अन्नाचे रेणू मोडत जातात तसे त्यांतले इलेक्ट्रॉन सुटे होतात, आणि सरतेशेवटी ते ऑक्सिजनच्या हवाली करायचे असतात; त्यातून पाणी तयार होते. हे सारे एका दमात घडले तर ते जळणे ठरेल आणि सगळी ऊर्जा उष्णता होऊन उडून जाईल. म्हणून पेशी ते टप्प्याटप्प्याने घडवते. मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलात प्रथिनांची मोठी संकुले रोवलेली असतात. इलेक्ट्रॉन त्यांच्यातून पुढे सरकतात, सरकताना प्रोटॉन पटलापलीकडे ढकलले जातात, आणि ते प्रोटॉन परत आत शिरताना एटीपी घडते. स्नायू आकुंचन पावतो, मेंदू विचार करतो, मूत्रपिंड रक्त गाळते, ते सगळे या एटीपीवर. प्रौढ माणूस दिवसभरात जवळपास स्वतःच्या वजनाइतके एटीपी घडवतो आणि मोडतो. कारण साठवणीला ते फारसे ठेवताच येत नाही.

या व्यवस्थेत पहिल्या आणि दुसऱ्या संकुलाकडचे इलेक्ट्रॉन तिसऱ्यापर्यंत नेणारा कोणीतरी लागतो. सरदार सरोवराचे पाणी चढल्यापासून अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतल्या नर्मदाकाठच्या पाड्यांचे दळणवळण जसे होड्यांवर आले, तसा पटलाच्या स्निग्ध थरातला हा व्यवहार युबिक्विनोनवर चालतो. एका काठावर तो दोन इलेक्ट्रॉन आणि दोन प्रोटॉन घेतो, दुसऱ्या काठावर उतरवतो आणि रिकामा माघारी येतो. भरलेल्या अवस्थेत त्याला युबिक्विनॉल म्हणतात. त्याच्या डोक्याकडचे सहा कार्बनांचे कडे ही देवघेव करते. मागची लांब शेपटी त्याला पटलातून निसटू देत नाही. ही शेपटी पाच-पाच कार्बनांच्या दुव्यांची असते. माणसात असे दहा दुवे, उंदरात मुख्यतः नऊ, ई. कोलाय या जिवाणूत आठ, पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये सहा. शेपटी लहान-मोठी होते, डोके तेच राहते. कोट्यवधी वर्षांत जीवसृष्टीने डोळे, पंख, पाने, मुळे यांचे किती प्रकार करून पाहिले. या कड्याला मात्र फारसा हात लावला नाही.

तिसऱ्या संकुलात जे घडते ते मला जीवरसायनशास्त्रातल्या सर्वांत सुंदर घटनांपैकी एक वाटते. तिथे आलेला युबिक्विनॉल आपले दोन इलेक्ट्रॉन एकाच वाटेने सोडत नाही. एक पुढे सायटोक्रोम सी या प्रथिनाकडे जातो. दुसरा मागे वळतो आणि पटलाच्या दुसऱ्या अंगाला थांबलेल्या दुसऱ्या युबिक्विनोनला दिला जातो. वरवर पाहता हा उलटा प्रवास व्यर्थ वाटतो; पण त्यामुळेच पुढे गेलेल्या प्रत्येक इलेक्ट्रॉनमागे पलीकडे जाणारे प्रोटॉन दुप्पट होतात. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये एका जुन्या वाड्यात थाटलेल्या छोट्या खासगी प्रयोगशाळेत बसून पीटर मिचेल यांनी १९७५ मध्ये हे चक्र मांडले. प्रोटॉनच्या प्रवाहावर एटीपी घडते ही त्यांची मूळ कल्पना विद्वानांनी वर्षानुवर्षे झिडकारली होती. १९७८ मध्ये तिलाच नोबेल मिळाले.

युबिक्विनोन हाती लागला तो १९५७ मध्ये. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात फ्रेडरिक क्रेन यांनी बैलाच्या हृदयाच्या मायटोकॉन्ड्रियांतून पिवळे स्फटिक वेगळे केले. पुढच्या वर्षी मर्क कंपनीतल्या कार्ल फोकर्स यांच्या गटाने त्याची रचना निश्चित केली. त्याच सुमारास लिव्हरपूलमध्ये आर. ए. मॉर्टन वेगळ्याच वाटेने तिथे पोहोचले. त्यांना हा पदार्थ दिसला तो जीवनसत्त्व अ न मिळालेल्या उंदरांच्या यकृतात, जिथे तो नेहमीपेक्षा जास्त साचला होता. आपल्याकडे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत टी. रामशर्मा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुढची अनेक वर्षे हाच विषय लावून धरला: आहार बदलला, थंडी वाढली, तर उंदराच्या शरीरात युबिक्विनोनचे काय होते? कुपोषणाची चर्चा आपण वजन, उंची आणि दंडाचा घेर यांवर संपवतो. या रेणूच्या शोधाची एक वाट मात्र कुपोषित प्राण्याच्या यकृतातूनच गेली होती.

आता थकव्याकडे वळतो.

आपल्या आरोग्य केंद्रात ‘अंगात ताकद नाही, हातपाय गळून जातात’ असे सांगणारी बाई आली की हिमोग्लोबिन तपासतात. ते कमी निघाले तर लोहाच्या गोळ्या. ते बरे निघाले तर बहुधा काहीच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांहून थोड्या अधिक रक्तक्षयी निघाल्या, म्हणजे हिमोग्लोबिन मोजणे गरजेचे आहे यात वाद नाही. पण हिमोग्लोबिन म्हणजे ऑक्सिजन आणून देण्याची क्षमता. आणलेला ऑक्सिजन वापरायचा तर इलेक्ट्रॉन त्याच्यापर्यंत पोहोचले पाहिजेत, आणि त्या वाटेवर पुन्हा लोहच आहे. पहिल्या संकुलात लोह आणि गंधक यांचे आठ पुंजके आहेत, दुसऱ्यात तीन. तिसऱ्यात आणखी एक, शिवाय लोह धारण करणारी हीम. युबिक्विनोन ज्या दोन काठांमध्ये फिरतो, ते दोन्ही काठ लोहाने बांधलेले आहेत. लोह कमी पडले की रक्त पातळ होण्याच्या जोडीने ही इलेक्ट्रॉनांची वाटही खचू लागते.

याचा पुरावा जुना आहे, आणि मला तो विलक्षण वाटतो. १९७६ मध्ये सिएटल इथे क्लेमेंट फिंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोहाची कमतरता असलेले उंदीर घेतले आणि रक्त बदलून त्यांचे हिमोग्लोबिन धडधाकट उंदरांच्या बरोबरीला आणले. आता दोघांचे रक्त सारखेच ऑक्सिजन वाहू शकत होते. तरीही फिरत्या पट्ट्यावर धावायला लावल्यावर लोहाविना वाढलेले उंदीर लवकर गळून गेले. मग त्यांना लोह दिले, हिमोग्लोबिन मुद्दाम होते तेवढेच ठेवले, आणि चारेक दिवसांत त्यांची धावण्याची ताकद परत आली. रक्त तेच होते. बदल झाला होता स्नायूच्या आत. त्यांच्या मायटोकॉन्ड्रियांत ग्लिसरोफॉस्फेटवर काम करणारी वाट विशेष मंदावलेली आढळली. ती वाट आपले इलेक्ट्रॉन थेट युबिक्विनोनलाच देते.

माणसांतली साक्षही आहे. १९७० च्या दशकात इंडोनेशियातल्या रबराच्या मळ्यांत आणि श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांत रक्तक्षयी मजुरांना लोह दिल्यावर त्यांचे काम वाढले. स्वित्झर्लंडमध्ये तर ज्यांना रक्तक्षय नव्हता, फक्त लोहाचा साठा कमी होता आणि थकव्याची तक्रार होती, अशा स्त्रियांवर चाचण्या झाल्या; लोह मिळालेल्यांचा थकवा जास्त कमी झाला. म्हणजे हिमोग्लोबिनचा आकडा ‘नॉर्मल’ असतानाही बाई खरेच थकलेली असू शकते. तिचे म्हणणे खरे असते, आकडा अपुरा असतो.

हे मी इतके रेटून मांडतो आहे, कारण सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा माणसांबद्दल सपाटीवर एक शेरा सर्रास ऐकू येतो: ‘हे लोक आळशी.’ सावकार म्हणतो, मुकादम म्हणतो. शिकलेला माणूसही सहज बोलून जातो. नंदुरबारची हजारो कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात. समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी बारडोलीच्या साखर कारखान्यांसाठी राबणाऱ्या खानदेशी ऊसतोड मजुरांवर १९७० च्या दशकातच लिहून ठेवले आहे. रात्री-अपरात्री उठून कोयता चालवणाऱ्या, थंडीत उघड्यावर झोपणाऱ्या, जोडीने टनाच्या हिशेबावर राबणाऱ्या माणसांना आळशी म्हणण्यासाठी डोळे मिटून घ्यावे लागतात. आणि त्यांच्यातला एखादा दुपारी खरोखरच बसून राहिला, तर त्याच्या स्नायूंत काय चालले आहे हे विचारण्याआधी त्याच्या स्वभावावर शिक्का मारणे हे अज्ञान आहे. लोहाविना ज्याच्या मायटोकॉन्ड्रियांची वाट खचली आहे, त्याचे स्नायू ऑक्सिजन असतानाही लवकर आम्लाकडे झुकतात. त्याला मन लावून काम कर म्हणणे हे दम्याच्या रुग्णाला मन लावून श्वास घे म्हणण्याइतकेच निर्दय आहे.

युबिक्विनोन जीवनसत्त्व नाही, कारण आपली प्रत्येक पेशी तो स्वतः घडवते. रोजच्या आहारातून तो ३ ते ६ मिलिग्रॅम येतो. भुईमूग, तीळ, सोयाबीन, मासे, मांस, विशेषतः हृदय आणि यकृत यांत तो बऱ्यापैकी असतो. शरीरातला एकूण साठा साधारण एक-दोन ग्रॅमच्या आत-बाहेर, आणि त्याचा मोठा भाग रोज मोडून नव्याने भरावा लागतो. ही भर घरातूनच, म्हणजे पेशीतूनच होते. पण कच्चा माल बाहेरून येतो. डोक्याकडचे कडे टायरोसिन या अमिनो आम्लापासून बनते, म्हणजे आहारात प्रथिने हवीत. शेपटी बनते ती कोलेस्टेरॉल बनण्याच्याच वाटेवर. कड्यावर एकेक गट बसवणारी विकरे आहेत: एकाला राइबोफ्लेविनपासून बनलेला सहायक लागतो, दोन विकरे मिथाइल गट बसवतात आणि त्या गटांचा पुरवठा फोलेट आणि बी-१२ यांच्या भरवशावर चालतो. आणि शेवटाकडच्या एका पायरीवरचे कॉक-सेव्हन नावाचे विकर आपल्या गाभ्यात लोहाचे दोन अणू बाळगून असते. लोह कमी पडले तर काठ खचतात हे वर आलेच. होडी बांधणाऱ्या कारागिरालाही लोहच लागते.

आता या यादीशेजारी नंदुरबारमधल्या गरीब घराचे ताट ठेवून पाहावे. पाऊस बरा झाला तर ज्वारी, मका, तूर, उडीद, डोंगरउतारावरची भगर, रानभाज्या, नदीतले किंवा ओढ्यातले मासे, मोहाची फुले. या ताटात तसे कमी काही नाही. कमी असते ती ताटे भरण्याची सलगता. उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाच्या सुरुवातीला डाळ पातळ होते, मग नाहीशी होते. स्थलांतरात मुलाच्या वाट्याला भाकर आणि मिरचीची चटणी उरते. जिल्ह्यातली पाच वर्षांखालची निम्म्याहून अधिक मुले वयाच्या मानाने कमी वजनाची आहेत. अशा शरीरात अमुक एकच पदार्थ कमी पडतो असे नसते. वरच्या साखळीतल्या पाच-सहा जागी एकाच वेळी थोडे थोडे कमी पडते. म्हणून एकेका जीवनसत्त्वाची मोहीम काढून हे सुटत नाही. अंगणवाडीतले अंडे, डाळ, शेंगदाणा आणि हिरवी भाजी हे जीवरसायनाच्या हिशेबाने कुठल्याही एका गोळीहून शहाणे उपाय आहेत. त्यांची बिले वेळेवर निघणे हा मला वैद्यकीय विषय वाटतो.

शहरात नेमके उलटे चित्र आहे. तिथे हाच रेणू कॅप्सूलमध्ये भरून ताकदीच्या, तारुण्याच्या, त्वचेच्या नावाने विकला जातो. त्यामागे थोडे खरे आहे. कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन औषधे ज्या विकराला अडवतात, त्याच वाटेवर युबिक्विनोनची शेपटी बनते, त्यामुळे स्टॅटिन घेणाऱ्यांच्या रक्तात तो कमी होतो. मात्र त्यामुळेच स्नायू दुखतात आणि कॅप्सूलने ते थांबते, हे चाचण्यांत एकमुखाने सिद्ध झालेले नाही. हृदय निकामी होत चाललेल्या ४२० रुग्णांवर झालेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लाभ दिसला आणि ती दुर्लक्ष करण्याजोगी नाही. त्याच वर्षी पार्किन्सनच्या रुग्णांवरची मोठी चाचणी मात्र भल्या मोठ्या मात्रेनेही काही उपयोग नाही असे सांगून गेली. जिथे हा रेणू निर्विवाद जीव वाचवतो ती जागा लहान आहे: जन्मतःच तो घडवणारे एखादे जनुक बिघडलेल्या दुर्मीळ मुलांत, तेही लवकर ओळखले तर. बाकीच्यांनी आतड्यातून जेमतेम शोषल्या जाणाऱ्या महागड्या कॅप्सूलवर पैसे घालण्याआधी आपल्या डॉक्टरांना ‘मला नेमकी कशासाठी?’ एवढे विचारावे.

नंदुरबारमध्ये थकव्याचा विचार करताना सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराला ओलांडून जाता येत नाही. पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी आयुष्याची अनेक वर्षे या आजारावरच्या कामाला दिली. महाराष्ट्रातल्या भिल्ल, पावरा, माडिया अशा काही जमातींत सिकलसेलच्या जनुकाचे वाहक २० ते ३५ टक्क्यांपर्यंत आढळतात, हे त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या पाहणीतून पुढे आले. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच फरक. ऑक्सिजन सोडला की असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोरे बनवते, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि हाडे फोडून काढणारी वेदना सुरू होते.

तांबड्या पेशीचे एक वैशिष्ट्य इथे महत्त्वाचे आहे. ती ऑक्सिजन वाहते, पण स्वतः वापरत नाही. परिपक्व होताना ती आपल्या मायटोकॉन्ड्रिया टाकून देते. इलेक्ट्रॉनांची ही सगळी वाट तिच्यात उरतच नाही. सिकलसेलच्या रुग्णांत मात्र अनेक परिपक्व पेशींतही मायटोकॉन्ड्रिया राहून जातात, असे अलीकडच्या संशोधनात दिसले आहे. त्या ऑक्सिजन खातात आणि अर्धवट क्षपण झालेल्या ऑक्सिजनचे हानिकारक रेणू सोडतात. भरल्या होडीतून एखादा इलेक्ट्रॉन वाटेत निसटला आणि थेट ऑक्सिजनवर जाऊन पडला की असे रेणू तयार होतात. हेच युबिक्विनॉल इतरत्र, पटलांत आणि रक्तातल्या स्निग्ध कणांत, अशा रेणूंना शांत करण्याचे, झिजलेल्या जीवनसत्त्व ई ला पुन्हा उभे करण्याचे काम करते. एकाच रेणूकडे धोका आणि संरक्षण दोन्ही सोपवलेले आहे, म्हणूनच त्याला ‘अँटिऑक्सिडंट’ या एका चांगल्या शब्दात बसवणाऱ्या जाहिराती मला खोट्या वाटतात.

हे जनुक इथे इतके पसरले त्याचे कारण हिवताप. एकाच पालकाकडून ते आलेल्या मुलाला जीवघेण्या हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. आणि हिवतापाचा परजीवी जिथे राहतो त्या तांबड्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया नसल्या तरी त्याच्याकडे स्वतःची एक असते. रक्तातल्या अवस्थेत ती तो ऊर्जेसाठी फारशी वापरत नाही. डीएनएसाठी लागणारे पिरिमिडिन घडवताना युबिक्विनोन भरला जातो, तो रिकामा करून घेण्यापुरतीच त्याला ती हवी असते. अखिल वैद्य आणि सहकाऱ्यांनी हे २००७ मध्ये एका देखण्या प्रयोगाने दाखवले: परजीवीला यीस्टचे, युबिक्विनोनवर अवलंबून नसलेले विकर दिले, आणि अ‍ॅटोव्हाक्वोन हे औषध त्याच्यावर चालेनासे झाले. अ‍ॅटोव्हाक्वोनचा रेणू दिसायला युबिक्विनोनसारखाच असतो; तो तिसऱ्या संकुलात त्याची जागा अडवून बसतो.

या सगळ्याचा दवाखान्यातला अर्थ असा. हिमोग्लोबिन ८ असलेल्या दोन मुली शेजारी बसल्या आहेत. एकीला लोह नाही, दुसरीला सिकलसेल आहे. आकडा एकच आहे. दुसरीला वारंवार रक्त दिले गेले असेल तर तिच्या शरीरात लोह आधीच साचलेले असू शकते; तिला डोळे झाकून लोहाच्या गोळ्या देत राहणे धोक्याचे. पण सिकलसेल आहे म्हणून लोह कमी असणारच नाही, हेही खरे नाही. भारतात झालेल्या पाहण्यांत सिकलसेलच्या काही रुग्णांत लोहाची कमतरताही सापडली आहे. तेव्हा तपासणीशिवाय इलाज नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले, त्यात लाखोंच्या चाचण्या होत आहेत. त्याच हातासरशी लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन, आणि संसर्गाने फेरिटिन फुगलेले नाही ना हे दाखवणारी सीआरपी, या दोन चाचण्या जिल्ह्याच्या पातळीवर सहज मिळाल्या पाहिजेत. आणि ‘थकवा किती, केव्हापासून, कोणते काम जमेनासे झाले’ हे प्रश्न आशाताईंच्या वहीत आकड्याइतक्याच मानाने यावेत.

नंदुरबारमध्ये युबिक्विनोनशी रोजची गाठ पडते ती मात्र शेतात. नंदुरबारची बाजारपेठ लाल मिरचीसाठी प्रसिद्ध. हंगामात पथारींवर मिरचीचे लाल सडे पडतात आणि बायका दिवसभर बसून देठ खुडतात. या मिरचीवर फळकुज आणि भुरी येते, तेव्हा जी बुरशीनाशके वापरतात त्यांत अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिन आहे. १९७७ मध्ये जर्मनीत टिम आंके आणि वोल्फगांग श्टेग्लिश यांना पाइनच्या शंकूंवर उगवणाऱ्या एका छोट्या अळंबीत, शेजारच्या बुरशा मारणारा पदार्थ सापडला. त्याच्या धर्तीवर हे औषध बनले आणि १९९६ च्या सुमारास बाजारात आले. ते बुरशीच्या तिसऱ्या संकुलात युबिक्विनॉल जिथे टेकतो तीच खाच बुजवते. चुरडामुरडा आणणाऱ्या कोळ्यांवर मारतात ती फेनपायरॉक्सिमेट आणि फेनाझाक्विन पहिल्या संकुलात युबिक्विनोनची जागा अडवतात.

शेतकऱ्याला हे सांगण्याचे दोन उपयोग आहेत आणि दोन्ही रोकडे आहेत. एक, बुरशीच्या तिसऱ्या संकुलातल्या सायटोक्रोम बी या प्रथिनात १४३ व्या जागी एक अमिनो आम्ल बदलले, की अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिन तिच्यावर निष्प्रभ होते. मग नाव वेगळे पण गट तोच असलेली दुसरी बाटली आणूनही उपयोग नाही; तीही त्याच खाचेवर भरवसा ठेवून असते. म्हणून एकाच गटाचे औषध लागोपाठ मारू नये, हा सल्ला कृषी सहाय्यकाने कारणासकट द्यावा. कारण कळले की माणूस सल्ला लक्षात ठेवतो.

दुसरा उपयोग अंगाशी येणारा आहे. कोळ्याचे पहिले संकुल आणि पाठीवर पंप घेतलेल्या मजुराचे पहिले संकुल यांत फार अंतर नाही. अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिन आपल्या यकृतात लवकर मोडते आणि त्यामानाने सौम्य आहे. पहिले संकुल अडवणाऱ्या औषधांबद्दल इतके निश्चिंत राहता येत नाही. याच जागी बसणाऱ्या रोटेनोन या वनस्पतिज विषाचा संपर्क आलेल्या अमेरिकी शेतकऱ्यांत पार्किन्सनचे प्रमाण अधिक आढळल्याचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. मिरचीवरच्या औषधांना तोच दोष मी लावत नाही. पण उघड्या अंगाने, वाऱ्याच्या तोंडाला उभे राहून, हातानेच औषध ढवळून फवारणी करायची सवय आपल्याकडे आहे, आणि २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले ते अजून जुने झालेले नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांची विषबाधा झाली तर डॉक्टरांच्या हाती अ‍ॅट्रोपिन असते. युबिक्विनोनची खाच अडवणाऱ्या औषधांसाठी तसा नेमका उतारा नाही. लक्षणे पाहून उपचार करत राहावे लागते. त्यामुळे हातमोजे, तोंडावर मास्क, अंगभर कपडे आणि काम संपल्यावर आंघोळ, एवढाच उतारा मजुराच्या हाती असतो, आणि तो त्याला पंप उचलण्याआधी, औषध विकत घेणाऱ्याच्या खर्चाने मिळायला हवा.